मोगरी थांबायची तेव्हा

लेइमातुआ गावात कुणी गेलं, की पहिला निरोप पाद्र्याकडे जायचा आणि दुसरा लोपिनीकडे. निरोप आला की तो हातातलं काम टाकायचा, काळे कपडे चढवायचा, कमरेला शोकाची जाडीभरडी चटई गुंडाळायचा आणि कॅमेऱ्याची पेटी ट्रकच्या मागे टाकून निघायचा. लग्नं, पोरांचे पहिले वाढदिवस, देवळातले गाण्याचे कार्यक्रम, हेही तो चित्रित करायचाच. पण लग्न पुढे ढकलता येतं, मयताला तारीख देता येत नाही. त्यामुळे वीस-बावीस वर्षांत त्याच्या कपाटात सगळ्यात जास्त कॅसेटी साठल्या त्या मयतांच्या.

वावाऊ बेटावरची निम्मी माणसं आता बेटावर नाहीत. कुणी ऑकलंडला, कुणी सिडनीला, कुणी पार अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला. सगळ्यांना काही विमान पकडून येता येत नाही. पण बघायचं मात्र सगळ्यांना असतं, आणि सगळं असतं: म्हातारीच्या कपाळाचा मुका कोणी कोणी घेतला, कोण किती रडलं, चटया कोणी आणल्या, डुक्कर केवढं होतं. या कामात लोपिनीचा हात धरणारा दुसरा नव्हता. तरी फोन यायचेच.

"लोपिनी, माझी चटई कुठाय?"

"कुठली चटई, काकू?"

"अरे बावीस फुटांची! पोरीनं माझ्या दोन वर्षं बसून विणली. तुझ्या कॅसेटमध्ये डुकराचं तोंड चार वेळा दिसलं, माझी चटई एकदासुद्धा नाही!"

"पुढच्या वेळी पहिली तुमचीच चटई घेतो, काकू."

"पुढच्या वेळी म्हणजे? आता कोणाला मारतोस?"

असं सगळं चाललं होतं. लोपिनी सेहेचाळीस वर्षांचा झाला होता, चार पोरं होती, बायको मेलिआमे टपाल कचेरीत होती. आपण कधी सिनेमा काढू, असं त्याच्या मनात होतं का? होतं. पण ते त्यानं मेलिआमेखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिलाही एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा माणूस वाटेल ते बोलतो.

मग त्या वर्षी राजधानीहून, नुकूआलोफाहून, तेलेसिआ नावाची एक बाई आली. तिशीतली, सिनेमा शिकून आलेली, मोठ्यानं हसणारी. बेटावरच्या नेइआफू शहरातल्या शाळेत तिनं पंधरा दिवसांचा वर्ग भरवला. प्रत्येकानं दहा मिनिटांच्या आतला एक सिनेमा काढायचा. बरे निघतील ते राजधानीत दाखवायचे. वर्गात बारा जण होते. अकरा कोवळे, आणि एक लोपिनी.

त्यानं ठरवून टाकलं, की आपण तस्करांचा सिनेमा काढायचा. चुलतभावाची होडी मागून आणली. खलनायक म्हणून सिआओसीला घेतलं, कारण त्याची छाती रुंद आणि आवाज खर्जातला. पण हा सिआओसी देवळातल्या गायकांमध्ये खर्जच लावायचा. सुरा हातात दिल्यावर तो म्हणाला, "भोसकायचं नाही मला. पाद्रीबुवा बघणार हे."

"अरे, खोटं खोटं."

"खोटं म्हणजे तर आणखी वाईट. भोसकलं एक आणि खोटं बोललो दोन."

शेवटी खलनायकानं सुरा उगारला आणि नायक भीतीनंच मेला. होडीचं इंजिन पाठलागाच्या मध्यात बंद पडलं, तेव्हा पळणारे आणि पकडणारे दोघे मिळून ती होडी वल्हवत किनाऱ्याला आले. तेही चित्रित झालं.

तेलेसिआनं ते सगळं पाहिलं. ती हसली नाही, यावरूनच लोपिनी काय ते समजला.

"काका, हे तुम्ही कुठे पाहिलंत?"

"कुठे म्हणजे? सिनेमात."

"तेच म्हणते मी. तुम्ही स्वतः काय पाहिलंय?"

"मी?" लोपिनीनं डोकं खाजवलं. "मी मयतं पाहिलीत."

"मग उद्या त्यातलंच एक घेऊन या."

त्यानं घरी जाऊन कपाट उघडलं आणि त्यातल्या त्यात आपण उत्तम काढलंय असं ज्याच्याबद्दल त्याला वाटायचं ते उचललं. ते त्याच्या आईचं होतं, सहा वर्षांपूर्वीचं. त्या दिवशी गावातले लोक त्याला म्हणाले होते, आज तरी कॅमेरा ठेव बाबा खाली. पण थोरला भाऊ सॉल्ट लेक सिटीत अडकला होता, त्याला आई दिसायला हवी होती. लोपिनीनं सकाळपासून कबर बुजेपर्यंत कॅमेरा खांद्यावरून उतरवला नव्हता. रडायचं राहिलं ते राहिलंच.

तेलेसिआनं तीन तास मांडी घालून ते पाहिलं. मध्ये उठली नाही, पाणी मागितलं नाही. संपल्यावर तिनं ते मागे नेलं आणि एका जागी थांबवलं.

"इथे बघा, काका."

पडद्यावर आई होती. कॅमेरा तिच्या पांढऱ्या केसांवरून हळूहळू निघाला, उशाशी बसलेल्या बायकांवरून एकेक करत सरकला, कोपऱ्यापाशी आला आणि तिथून टुणकन खिडकीवर गेला.

"आता हे बघा."

पुन्हा तेच. चटयांवरून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून एकदम छतावर. तिनं असं पाच ठिकाणी दाखवलं.

"त्या कोपऱ्यात कोण बसलंय?"

लोपिनी पडद्याजवळ सरकला. बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं.

"बहीण," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण. कालोलाइने."

"तीन तासांत एकदासुद्धा दिसली नाही ती."

घरी जाऊन त्यानं सगळं कपाट उपसलं. त्यानं काढलेल्या चुलतभावाच्या लग्नात ती नव्हती. धाकट्याच्या नामकरणात नव्हती. थोरल्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तर आत्या म्हणून सगळ्यात उंच चटयांच्या ढिगावर तीच बसली होती, केकचा वरचा थर तिच्याच पुढ्यात होता. कॅसेटमध्ये केक होता, चटया होत्या, आणि त्यांच्यावर जिथे आत्या असायला हवी तिथे छताचा पत्रा होता. मेलिआमे दारात उभी राहून बघत होती.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम करता. मान म्हणून."

मान होताच तो. आमच्याकडे बहीण मोठी असो की धाकटी, मान तिचा. ती घरात आली की भावानं उठायचं. तिच्यासमोर चावट बोलायचं नाही, तिच्या खोलीत जायचं नाही, आणि दोघांनी एका छपराखाली बसून सिनेमा तर पाहायचाच नाही. पडद्यावर कधी कोण कोणाला मिठी मारील याचा नेम नसतो. हल्लीची पोरं एवढं पाळत नाहीत. लोपिनीच्या लहानपणी सगळे पाळत.

त्याच्या लहानपणी, तो दहा वर्षांचा आणि ती तेराची असताना, गावात दुकानदार माआफूच्या घरी पहिला व्हिडिओ आला. शनिवारी दुपारी जनरेटर लावून माआफू एक सिनेमा दाखवायचा. एकच, आणि एकदाच. नियमाप्रमाणे कालोलाइने दारात दिसली असती तर लोपिनीला उठून बाहेर जावं लागलं असतं. म्हणून ती कधी दारात दिसलीच नाही. दर शनिवारी तिला काही ना काही काम निघायचं. कधी खाडीत झाडाच्या साली भिजत घातलेल्या असायच्या, कधी डुकरं सुटलेली असायची. लोपिनीला वाटायचं, ताईला सिनेमाची आवडच नाही.

मग एका सोमवारी तो शाळेतून आला आणि आईला शनिवारच्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागला. आई अळूचे कंद सोलत होती. बाहेर, भिंतीपलीकडे, ताई लाकडाच्या ओंडक्यावर साल ठेवून मोगरीनं बडवत होती. कापडासाठी साल बडवण्याचा हा आवाज आमच्या गावांत सकाळ-संध्याकाळ असतोच, तो कोणाच्या कानात शिरत नाही. लोपिनी रंगात आला. चोर खिडकीतून आत उतरला, म्हाताऱ्याला चाहूल लागली, आणि बाहेरची मोगरी थांबली. तो क्षणभर थबकला. पुढे म्हणाला, म्हातारा उठून बसला. मोगरी थांबलेलीच. चोर पळाला. मोगरी पुन्हा सुरू झाली.

त्या दिवशी त्याला कळलं, की आपली गोष्ट कोण ऐकतंय.

पुढची चार वर्षं दर सोमवारी हे चाललं. रविवारी कामाला सुट्टी, मोगरीला सुट्टी, म्हणून गोष्टीलाही सोमवारपर्यंत दम धरायला लागायचा. गोष्ट तो आईलाच सांगायचा, पण मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून. बाहेर बसलेल्या माणसाला काही दिसत नाही, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. मग तो रंग सांगायला लागला, कपडे सांगायला लागला, कोण कुठे उभं आहे ते सांगायला लागला. मिठ्या आणि मुके तेवढे गाळायचा. आई बिचारी मधल्या मधे सापडायची.

"आई," बाहेरून आवाज यायचा, "विचार, मग त्या घोड्याचं काय झालं?"

"मला काय करायचंय त्या घोड्याशी?"

"तू विचार ना!"

"विचारते आहे गं. लोपिनी, घोड्याचं काय झालं? आणि ते लाकूड सरकव चुलीत."

हे सगळं लोपिनीनं दुसऱ्या दिवशी तेलेसिआला सांगितलं. सांगताना तो खाली बघत होता. तेलेसिआ ऐकता ऐकता हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली.

"काका, तो होडीचा सिनेमा पुसून टाका."

"आणि?"

"आणि हा काढा. मला काय विचारता?"

पण विचारायचं तिला नव्हतंच. विचारायचं कालोलाइनेला होतं, आणि तेच अवघड होतं. लोपिनी स्वतः जाऊन असल्या विषयावर बहिणीशी बोलणं शक्य नव्हतं. आईच्या जागी आता मेलिआमे होती. तिनं टोपलीत भाजलेली कोनफळं घेतली आणि नणंदेकडे गेली.

कालोलाइनेच्या नवऱ्याची व्हॅनिलाची बाग होती. फुलांच्या दिवसांत ती पहाटे उठून शेंग धरावी म्हणून एकेका फुलाला काडीनं पराग लावायची, आणि आता शेंगा उन्हात घोंगडीवर पसरून त्यांची निवड करत बसली होती.

"वन्सं, तुमच्या भावाला सिनेमा काढायचाय."

"काढू दे की. मी कुठे अडवलंय?"

"तुमच्यावर काढायचाय."

कालोलाइनेचा हात शेंगांवर राहिला. "माझ्यावर? माझं काय बघायचंय लोकांनी? गुडघे?"

मेलिआमेनं सगळं सांगितलं. आईच्या कॅसेटीचं, कोपऱ्याचं, सोमवारचं. कालोलाइनेनं ऐकून घेतलं, टोपली रिकामी करून व्हॅनिलाच्या चार शेंगा त्यात टाकून परत दिली आणि म्हणाली, "बघते."

तीन दिवस काही निरोप नाही. लोपिनीनं या तीन दिवसांत कुंपण दुरुस्त केलं, जे दोन वर्षं पडलेलं होतं. चौथ्या दिवशी कालोलाइने स्वतः आली. लोपिनी उठून परसात गेला आणि ती मेलिआमेशी बोलली. पण असं बोलली, की परसातल्या कोंबड्यांनाही ऐकू जावं.

"तोंड दाखवायचं नाही. नाव घ्यायचं नाही. आणि मोगरी तू बडवणार असशील तर मुळीच नको. उंदीर मारल्यासारखी बडवतेस तू. मोगरी मी बडवीन."

मेलिआमे म्हणाली, "वन्सं, तुमच्याशिवाय ती बडवायची कोणी?"

आईचं घर मागच्या वादळात गेलं होतं, म्हणून मेलिआमेच्या माहेरचं स्वयंपाकघर घेतलं. आईचं काम मेलिआमेनं करायचं आणि लहानग्या लोपिनीचं काम त्याच्या धाकट्यानं, नासोनीनं. भिंतीपलीकडे आंब्याखाली कालोलाइनेचा ओंडका आणून ठेवला. माइक तिच्याशेजारी मेलिआमेनं लावला. लोपिनी कॅमेरा घेऊन आत.

गोष्ट कुठली घ्यायची, हे लोपिनीनं आधीच ठरवलं होतं: बर्फात हरवलेल्या मुलाची आणि त्याला शोधून काढणाऱ्या कुत्र्याची. नासोनीनं ती पाठ केली होती. पाठ केली होती हीच पंचाईत झाली. तो शाळेत कविता म्हटल्यासारखा एका दमात म्हणून मोकळा झाला. बाहेर मोगरी ठोक ठोक चालूच. कुत्रा दरीत उतरला, मोगरी चालू. कुत्र्यानं मुलाचा हात चाटला, मोगरी चालू.

मेलिआमे बाहेर जाऊन आली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, थांबावंसं वाटलं तर थांबेन. उगाच थांबायला मी काय बैल आहे?"

लोपिनीनं कॅमेरा नासोनीच्या हातात दिला. "धर नीट. आणि बघ." तो मुलाच्या जागी चुलीपाशी बसला. समोर मेलिआमे अळूचे कंद घेऊन. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"ऐक आई," तो म्हणाला, आणि सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज कुठल्या कुठे गेला. "तिथे सगळं पांढरं असतं. खोबरं किसून कुणी अंगणभर पसरावं ना, तसं. झाडांवर खोबरं, छपरावर खोबरं. पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. आणि कुठे आवाजच नाही. मुलगा हाक मारतो, पण ती खोबऱ्यात जिरून जाते. कुत्रा घरी निजलाय. त्याचा एक कान असा उभा राहतो..."

मोगरी मंद झाली. मग थांबली.

लोपिनीनं गोष्ट शेवटपर्यंत नेली. कुत्रा मुलाला मागे घेऊन घरी आला, दार उघडलं, आईनं दोघांना शेकोटीपाशी बसवलं, कुत्र्याला डुकराच्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा मिळाला. बाहेर अजून मोगरी सुरू झाली नव्हती. नासोनी कॅमेरा धरून तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होता. त्यानंतर तो स्वतः चुलीपाशी बसला तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरला आणि आपल्या मनानं सांगत गेला. त्याच्या बर्फात खोबऱ्याऐवजी साबणाचा फेस होता. तेच चित्रित झालं, तेच राहिलं.

आवराआवर चालली होती. लोपिनी वायरी गुंडाळत होता. भिंतीपलीकडून मोठ्यानं आवाज आला.

"मेलिआमे, तुझ्या नवऱ्याला सांग, तो कुत्रा मरतो."

मेलिआमे दारात थांबली. "कुठला कुत्रा, वन्सं?"

"बर्फातला. मी नुकूआलोफाला आत्याकडे शिकायला होते ना, तिथे पाहिला मी तो सिनेमा. पोराला घरी पोचवतो आणि उंबऱ्यावर मरतो. एवढी रडले मी, की शेजारची बाई म्हणाली, तुमच्या ओळखीतला होता का? आमच्या घरी मात्र तो जगला होता. मांस खाल्लं होतं त्यानं. तेव्हापासून वाट बघतेय, हा कधी कबूल करतो त्याची."

लोपिनीच्या हातातली वायर तशीच राहिली. त्याला आठवलं. ज्या शनिवारी तो सिनेमा लागला, त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा कुत्रा खोबऱ्याच्या ट्रकखाली सापडला होता. ताई दोन दिवस जेवली नव्हती. माआफूच्या घरातून चालत येताना, दहा वर्षांच्या त्या पोरानं वाटेतच कुत्र्याला जिवंत केलं होतं.

"सांग तिला," तो बायकोला म्हणाला, "मला वाटलं, तिला कधी कळणार नाही."

"ऐकलं मी," पलीकडून आवाज आला. मग हसू आलं, कालोलाइनेचं, घशातल्या घशात. लोपिनीलाही हसू फुटलं. हसता हसता सहा वर्षांपूर्वी आईच्या उशाशी जे राहिलं होतं ते आत्ता, वायरींच्या गुंताळ्यात बसल्या बसल्या, बाहेर पडलं. मेलिआमेनं नासोनीला पाणी आणायला पिटाळलं. पलीकडची बाई उठून गेली नाही. ती थांबून राहिली.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मेलिआमे, तिला सांग, आभारी आहे म्हणावं."

"विचार त्याला, कशाबद्दल?"

"शनिवारांबद्दल."

पलीकडे ओंडका सरकवल्याचा आवाज झाला. कालोलाइने उठत असावी.

"त्याला म्हणावं," ती म्हणाली, "सोमवार माझे होते की."

तेलेसिआनं सिनेमा पाहिला आणि लोपिनीकडे न बघता नुसती मान डोलावली. राजधानीत दाखवायच्या आधी तो गावात दाखवायचा असं ठरलं, आणि तिथे नवीनच पेच निघाला. देवळाच्या सभागृहात सगळं गाव बसणार, म्हणजे सगळ्या गावाचे भाऊबहीण एका छपराखाली बसणार. गावाधिकारी फिनेआसी कपाळाला हात लावून म्हणाला, "सिनेमा बहीणभावाचा, आणि बघायची सोय नाही बहीणभावांना!"

"त्यात मिठ्या नाहीत," लोपिनी म्हणाला.

"मिठ्या नाहीत हे तुला माहीत. माझ्या बहिणीला काय माहीत? ती आत बसली की मी सगळा वेळ दाराकडेच बघत राहणार."

शेवटी दोन खेळ ठरले. दुपारी बायकांचा, त्यानंतर पुरुषांचा. बायकांच्या खेळाला यंत्र मेलिआमेनं चालवलं. लोपिनी बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली बसला. आत काय दिसतंय ते त्याला पाठ होतं, पण बायका कशा बघताहेत ते त्याला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. साबणाच्या फेसाच्या वेळी हशा झाला. "ते लाकूड सरकव चुलीत" याला इतका मोठा हशा झाला, की पुढची दोन वाक्यं बुडाली. मग मोगरी थांबली, आणि तिच्याबरोबर सभागृहही असं थांबलं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं बसल्या जागी भजन सुरू केलं आणि सगळ्यांनी सूर धरला. त्या सुरांत एक आवाज तो लहानपणापासून ओळखत होता.

पुरुषांच्या खेळाला फिनेआसी पहिल्या रांगेत बसला. खर्जाचा सिआओसी आणि तो, दोघे शेजारी शेजारी नाक शिंकरत होते. त्यानंतर जेवण. मातीतली भट्टी उघडली, डुकरं निघाली, अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेली पुडकी निघाली. भाषणं झाली. आमच्याकडे आभाराची भाषणं म्हणजे जेवण गार झाल्याशिवाय थांबत नाहीत. लोपिनीची पाळी आली तेव्हा तो उठला, पाद्र्याचे आभार मानले, गावाधिकाऱ्याचे मानले, तेलेसिआचे, मेलिआमेचे, नासोनीचे, होडीबद्दल चुलतभावाचे, आणि सिआओसीचे, त्यानं भोसकलं नाही म्हणून. सगळ्यात वरच्या जागी, सगळ्यात मोठ्या डुकरासमोर, कालोलाइने पंखा हलवत बसली होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "आणि ज्यांनी काम काढून जागा मोकळी ठेवली, त्यांचे." बायकांमध्ये कुजबुज झाली. कालोलाइनेचा पंखा जोरात हलायला लागला.

सिनेमा राजधानीत दाखवला गेला. तिथून ऑकलंडला, आपल्याच लोकांच्या एका सभागृहात. त्याला काही बक्षीस मिळालं नाही. तिसरा क्रमांक एका शार्कच्या सिनेमाला गेला. पण फोन आले. चटईवाल्या काकूंचा पहिला.

"लोपिनी, पाहिला तुझा सिनेमा."

"चटई नव्हती काकू त्यात."

"गप रे. माझा भाऊ आहे ना तुझ्या गावात, केपुएली? त्याच्याकडे फोन नाही. त्याला जाऊन सांग, बहिणीनं विचारलंय म्हणावं. एवढंच सांग."

"काय विचारलंय?"

"काही नाही. नुसतं विचारलंय."

लोपिनी त्याच संध्याकाळी केपुएलीकडे जाऊन सांगून आला. केपुएलीनं त्याला दोन मोठी कोनफळं दिली आणि दारापर्यंत सोडायला आला.

हल्ली लोपिनीच्या ट्रकमध्ये कॅमेऱ्याच्या पेटीवर एक शाळेची वही असते; स्वतः पाहिलेलं काही आठवलं की तो त्यात लिहून ठेवतो. काम तो पूर्वीचंच करतो. मयतं करतो, वाढदिवस करतो. मागच्या शुक्रवारी पांगाइमोतूला एक लग्न होतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि देवळासमोर सगळा चिखल. नवरी गाडीतून उतरली आणि तिचा एक बूट चिखलात रुतून राहिला. तिचा बाप मोठा कडक माणूस, शाळेतला मुख्याध्यापक, पोरीशी कधी चार शब्द गोड बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो वाकला, बूट उपसला, इकडेतिकडे बघितलं, काही सापडेना, तेव्हा आपल्या गळ्यातल्या कोऱ्या टायनं तो पुसायला लागला. टाच पुसली, बक्कल पुसलं, मग आत बोट घालून आतलंही पुसलं. नवरी एका पायावर त्याच्या खांद्याला धरून उभी.

मग त्याला कॅमेरा दिसला.

"हे काढलंस काय रे?"

"काढलं, गुरुजी."

मुख्याध्यापकानं टायकडे बघितलं, बुटाकडे बघितलं. मग खाली बसून तो बूट पोरीच्या पायात घातला.

"बरं केलंस," तो म्हणाला.